दाखवायची चूल

नालवाडीतल्या आमच्या घरात जागा मिळायची ती आधी भाजीला, मग माणसांना. हे मी गमतीनं सांगत नाही. बाबा आणि काका नाल्याकाठचा एक तुकडा कसायचे. पालक, मेथी, मुळे, सांबार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात थोडी वांगी. दुपारी भाजी घरी यायची, सगळ्या बाया बसून जुड्या बांधायच्या आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती वर्ध्याच्या बाजारात जायची. घर म्हणजे दोन खोल्या आणि मागे टिनाची छपरी. पुढच्या खोलीतली उत्तरेची भिंत, जिथं ऊन कधी पोचत नसे, ती भाजीची. खाली ओलं पोतं, त्यावर जुड्या, वर पुन्हा ओलं पोतं. मे महिन्यात वर्ध्याचं ऊन टाळू भाजून काढायचं, तेव्हाही आम्हा पोरांना त्या भिंतीशी बसायची मनाई होती आणि पालक मात्र गारव्याला पसरलेला असायचा. माझे दोघे भाऊ त्या ढिगाला जावईबापू म्हणायचे. जावईबापूंना पाणी शिंपडलं का, जावईबापूंना ऊन तर लागत नाही ना, असं एकमेकांना विचारायचे आणि आईचा हात पोचायच्या आत पळायचे.

माणसं अकरा. बाबा, आई आणि आम्ही तीन भावंडं, त्यात मी थोरली. काका, काकू आणि त्यांची तीन लहान लेकरं. आणि वच्छीआत्या. आत्या बाबांच्या पाठची आणि काकांच्या आधीची. अठराव्या वर्षी तिचा नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, सासरच्यांनी तिला तिच्या पत्र्याच्या पेटीसकट आणून सोडलं. तेव्हापासून ती आमच्याकडे होती. 'आमच्याकडे' हा शब्द आत्ता लिहिला आणि जरा थांबले. घर आजोबांनी बांधलेलं होतं, म्हणजे तिच्याही बापाचं. तरी आम्ही सगळे असंच म्हणायचो, आणि तीही म्हणायची.

अकरा माणसांत खुंट्या सात होत्या. कोणाचा कपडा कोणाच्या कपड्यावर, यावरून रोज एक तरी भांडण ठरलेलं. न्हाणी म्हणजे छपरीच्या कोपऱ्यात लावलेला पोत्याचा पडदा, आणि पडद्याबाहेर कायम कोणीतरी "झालं का" म्हणत उभं. कोणाचं पोट बिघडलं, कोणाला खोकला लागला, कोणाचं कोणाशी बिनसलं, सगळं सगळ्यांना ठाऊक असायचं. एकट्यानं रडायला त्या घरात जागा नव्हती. रडायचं असलं तर कांदा चिरायला घ्यायचा, हे मी फार लवकर शिकले. काकू मला एकदा म्हणाली होती की लग्नाला नऊ वर्षं झाली, पण नवऱ्याशी मोकळ्या आवाजात चार वाक्यं बोलल्याचं तिला आठवत नाही. तेव्हा मी हसले होते. आता वाटतं, ती केवढं मोठं दुःख सांगत होती आणि मी हसले.

आत्याला खुंटी नव्हती. तिची दोन लुगडी पेटीत, पेटी छपरीत, आणि त्या पेटीवर बसून मी दहावीचा अभ्यास करायची. तिला काही काढायचं असलं की ती माझ्यापुढं उभी राहायची, मी पान संपेपर्यंत उठायची नाही, आणि तीही काही म्हणायची नाही. घरात तिची अशी जागा एकच होती, चुलीपुढची दीड हात भुई. दिवसभर ती तिथं बसायची आणि सगळं आवरलं की तिथंच अंग टाकायची. सकाळी जाग यायची ती भाकर थापण्याच्या आवाजानं. एका लयीत चालायचा तो आवाज, आणि मध्येच थांबला की समजायचं, लाकडं ओली आहेत आणि आत्या फुंकणीनं फुंकते आहे. आंबाडीची भाजी, फोडणीचं वरण, हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांची आमटी, पाहुणे आले तर कढीगोळे, आणि ठेचा असा की काका जेवताना नाक पुसायचे आणि पुन्हा मागायचे. आधी पोरं, मग पुरुष, मग बाया अशा पंगती उठायच्या. शेवटी परातीत उरलेल्या पिठाची एक वाकडीतिकडी भाकर व्हायची, ती आत्याची. ती भाकर गोल का करत नाहीस असं मी विचारलं होतं. पोटात गेल्यावर कोणती गोल राहते, असं म्हणाली.

मग काका एक दिवस बाजारातून बातमी घेऊन आले. बोरगाव मेघेच्या अंगाला नवी वसाहत होत होती, आणि आमच्यासारख्या दाटीवाटीनं राहणाऱ्यांना तिथं पक्की घरं मिळणार होती. आधी मोजणीवाले येणार, घरोघरी माणसं लिहून घेणार. घर कुटुंबाला एक. आणि कुटुंब कशावरून ओळखायचं, तर चुलीवरून. एका चुलीवर जेवणारे जितके असतील, पाच असोत की पंधरा, ते एक कुटुंब. अकरा माणसांना मिळून एकच खोली आणि स्वयंपाकाला ओटा मिळणार, हे ऐकून आईनं हातातली जुडी खाली ठेवली. काका म्हणाले, आपण छपरीत दुसरी चूल मांडू. दोन चुली, दोन कुटुंबं, दोन घरं.

आमच्या लोकांत 'त्यांच्यात चुली दोन झाल्या' हे कोणी मोठ्यानं बोलत नाही. मयताची बातमी द्यावी तसं आवाज खाली करून सांगतात. बाबांनीही आवाज खाली केला. मग म्हणाले, "बाप गेला तरी आपन चूल फोडली नाई, रामा."

"फोडून थोडी राह्यलो, दादा," काका म्हणाले. "दाखवाची हाय फक्त. घरं भेटले का मोडून टाकू."

ती चूल वच्छीआत्यानं केली. तिच्याइतका हात कोणाचा बसला नसता. नाल्यावरून माती आणली, चाळली, त्यात भुसा आणि शेण घालून पायानं तुडवली, एक रात्र मुरू दिली. मग दोन दिवस ती त्या चुलीला लागली होती. भांडं टेकायचे तीन उंचवटे सारखे आले पाहिजेत म्हणून रिकामं पातेलं ठेवून ठेवून बघायची, ओल्या हातानं अंग गुळगुळीत करायची, पुन्हा लांबून बघायची. आई म्हणालीसुद्धा, दाखवायच्या चुलीला एवढी मेहनत कशाला.

"चूल खोटी नसते वो, वहिनी," आत्या म्हणाली. "पेटवली का ते खरीच."

वाळल्यावर तिनं चुलीला हळदकुंकू लावलं आणि पहिल्यांदा पेटवून वाटीभर दूध उतू घालवलं. आम्ही पोरं हसत होतो. दाखवायच्या दातांची पूजा चालली आहे, असं माझा मधला भाऊ म्हणाला आणि बाबांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

मोजणीवाले आज येतील, उद्या येतील, असं करता करता पावसाळा गेला, दिवाळी गेली. चुलीत राख दिसली पाहिजे, भिंतीवर काजळी दिसली पाहिजे, नाहीतर ते ओळखतील, असं वस्तीत सगळे सांगायचे. म्हणून काकू तिथं सकाळचा चहा करू लागली. मग लेकरांसाठी खिचडी. मग एक मिठाचा डबा तिकडे गेला, एक तेलाची बाटली गेली, आणि एके दिवशी छपरी आणि खोली यांच्यामध्ये पोत्याचा पडदा आला. पहिले काही दिवस आम्हाला ती चंगळ वाटली. आज कुठं जेवायचं, काकूकडं का आपल्याकडं, असा आमचा खेळ चालायचा. मग एकदा धाकटा भाऊ तिकडून वांग्याचं भरीत खाऊन आला आणि आईनं त्याला विचारलं, इथं उपाशी ठेवते का मी तुला. त्यानंतर खेळ बंद झाला. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. आमच्या एका घरात दोन होत्या, आणि दोन्हींचा धूर एकमेकींकडं जायचा.

मी काकूला दोष देत नाही. त्या वेळी दिला होता, आज देत नाही. नऊ वर्षांनी तिला स्वतःचा विस्तव मिळाला होता. मीठ किती घालायचं हे ती कोणाला न विचारता ठरवत होती. पडद्याआड ती आणि काका बोलायचे, आणि कधी कधी ती हसायचीसुद्धा. तिचं हसणं मी तोवर ऐकलंच नव्हतं.

ओढाताण झाली ती आत्याची. काकूच्या भाकरी तुटायच्या. म्हणून आत्या आधी इकडच्या भाकरी थापायची, हात धुवायची, पडदा बाजूला करून तिकडे जायची आणि तिकडच्या थापायची. जेवलीस का असं आईनं विचारलं की म्हणायची, तिकडं जेवली. काकूनं विचारलं की म्हणायची, इकडं जेवली. दोघींचंही समाधान व्हायचं. एकदा पेटीवर अभ्यासाला बसलेली असताना मला दोन्ही उत्तरं एकाच दुपारी ऐकू आली. मी पुस्तकातून मान वर केली, ती माझ्याकडं बघून हसली आणि बोट ओठावर ठेवलं. मी पुन्हा मान खाली घातली. माझी परीक्षा जवळ आली होती.

अखेर मोजणीचे कागद आले. प्रत्येक चुलीसाठी एक कागद, त्यावर माणसांची नावं, वयं आणि नातं लिहून तयार ठेवायचं होतं. घरात बाबांना आणि काकांना सहीपुरतं लिहिता यायचं. माझं अक्षर चांगलं म्हणून दोन्ही कागद माझ्याकडं आले. बाबांनी आमची पाच नावं सांगितली. आत्याचं कुठं घालू, असं मी विचारलं. बाबा म्हणाले, तिचं रामाच्या कागदावर घाल, त्याची लेकरं लहान आहेत, तिला तिकडं बरं पडेल. संध्याकाळी काकांनी त्यांची पाच नावं सांगितली. आत्याचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, बाईचं दादाच्या कागदावर घाल, बहीण थोरल्या भावाच्या घरीच शोभते. दोघांनीही प्रेमानंच सांगितलं होतं. ती आपल्याला नको असं दोघांपैकी कोणाच्याही मनात नव्हतं, हे मी आज शपथेवर सांगू शकते. एकाला तिची सोय दिसत होती, दुसऱ्याला तिचा मान.

आता जे लिहायचं आहे ते मी पन्नास वर्षं टाळत आले. मी बाबांना काकांचं म्हणणं सांगू शकत होते. काकांना बाबांचं सांगू शकत होते. काहीच न सांगता कुठल्याही एका कागदावर 'वच्छला' असं लिहू शकत होते, कोणी वाचून बघणार नव्हतं. मी काही केलं नाही. वस्तीतली माणसं नवी घरं बघून आली होती, आणि त्यांनी सांगितलं होतं की खोलीला एक खिडकी आहे. बाबा म्हणाले होते, खिडकीपाशी बेबीचा अभ्यास. बेबी म्हणजे मी. त्या दिवसापासून ती खिडकी माझी झाली होती. जन्मात पहिल्यांदा एक जागा माझी होणार होती, आणि मी मनातल्या मनात ती रोज झाडत होते. आत्या आली तर तिची पेटी येणार, पेटी भिंतीला लागणार, आणि मोकळी भिंत खिडकीखालचीच होती. काकांच्या कागदावर तिला घातलं असतं तर बाबा खूश झाले असते, मग तिथं का नाही घातलं? कारण मोजणीच्या वेळी ते काकांच्या कानावर गेलं असतं, तर त्यांनी तिला आमच्याकडं वळवलं असतं. म्हणून मी ठरवलं की नंतर बघू. कागद दोन दिवस डब्यात पडून होते. डबा माझ्या हाताशी होता. पंधरा वर्षांच्या मुलीला समजत नाही असं म्हणतात. मला सगळं समजत होतं.

मोजणीवाले दोघं भर दुपारी आले. एक वयस्क, चष्म्याचा, आणि त्याच्यासोबत कागद सांभाळणारा एक. दोन्ही चुली पेटलेल्या होत्या, पडदा वर केलेला होता. चष्मेवाल्यानं वाकून दोन्हीकडची राख बघितली, मान हलवली. मग त्यानं सगळ्यांना एका जागी यायला सांगितलं आणि माझा कागद हातात घेऊन एकेक नाव वाचू लागला. ज्याचं नाव येईल त्यानं हात वर करायचा. बाबा, आई, मी, दोघे भाऊ. मग दुसरा कागद. काका, काकू, तिन्ही लेकरं, शेवटच्याचा हात काकूनं धरून वर केला. त्यानं माझ्या अक्षराचं कौतुकही केलं. मग त्याचं लक्ष आमच्या चुलीपुढं गेलं. तिथं आत्या बसली होती, हात पिठात, भाकर अर्धी थापलेली. तीही आपलं नाव येईल म्हणून ऐकत होती. नाव येईल तेव्हा वर करायला तिनं उजव्या हाताचं पीठ झटकून ठेवलं होतं, हे मी बघितलं.

"या बाई कोण?" त्यानं विचारलं.

बाबांनी काकांकडं बघितलं. काकांनी बाबांकडं बघितलं. दोघांच्याही तोंडावर एकच होतं की मी तर सांगितलं होतं. पण त्या माणसापुढं काय बोलणार? तिचं नाव राहिलं म्हणावं तर कुठल्या चुलीवरचं राहिलं हे सांगावं लागणार, आणि तिचा हात तर दोन्ही चुलींवर चालत होता. एक शब्द इकडचा तिकडं झाला असता तर दोन चुलींचं सगळं नाटक उघडं पडलं असतं. मी बोलू शकत होते. मी कागदांच्या डब्याचं झाकण लावत राहिले.

आत्यानं एकदा बाबांकडं बघितलं, एकदा काकांकडं, आणि खाली मान घालून भाकर फिरवली.

"मी इथली नाई, साहेब," ती म्हणाली. "पाव्हणी हाये. भावाइकडे आली चार दिवसांसाठी."

साहेबानं बरं म्हटलं, कागदावर खूण केली, आणि ते पुढच्या घरी गेले. आत्यानं ती भाकर तव्यावर टाकली. नंतरच्याही सगळ्या टाकल्या, इकडच्या आणि तिकडच्या. त्या दिवशी परातीत उरलेल्या पिठाची भाकर तिनं केली नाही. पीठ तसंच गोळा करून डब्यात परत टाकलं.

बाबांनी मला छपरीमागं बोलावून विचारलं, काकानं तुला आत्याचं नाव त्याच्या कागदावर घालायला सांगितलं नव्हतं का. मी नाही म्हटलं. ते खरं होतं. थोड्या वेळानं काकांनी विचारलं, दादानं स्वतःच्या कागदावर घालायला सांगितलं नव्हतं का. मी नाही म्हटलं. तेही खरं होतं. दोन खऱ्या उत्तरांनी मी दोन भाऊ तोडले. बाबांना वाटलं रामानं बहीण नाकारली, काकांना वाटलं दादानं. दोघांनीही एकमेकांना तोंडावर कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर पाच मिनिटांत सगळं माझ्यापर्यंत आलं असतं. पण असल्या गोष्टी आमच्याकडं विचारत नाहीत, मनात ठेवतात. त्या आठवड्यात बाबांनी नाल्याकाठच्या वाफ्यांमध्ये एक दोरी बांधली. इकडचे आपले, तिकडचे त्याचे. दाखवायची चूल त्या दिवसापासून खरी झाली. नाव पुन्हा घालायला कचेरीत जावं, असं बाबा एकदा म्हणाले होते. पण गेलं की चौकशी होणार आणि दोन्ही घरं जाणार, या भीतीनं ते राहूनच गेलं.

पुढच्या वर्षी घरं मिळाली, वेगवेगळ्या ओळींत. एक खोली, स्वयंपाकाला ओटा, आणि खिडकी. जुनं घर पाडलं. आत्यानं केलेली चूल पाडणाऱ्यांना एका घावात फुटली नाही, ते बाबांनी घरी येऊन सांगितलं. आत्याला बाबांनी आमच्याकडं चल म्हटलं, काकांनी आमच्याकडं चल म्हटलं. ती दोघांकडं जाऊ लागली, आठ दिवस इकडं, आठ दिवस तिकडं. पण ती बदलली होती. येताना हातात काहीतरी घेऊन यायची, सांबाराची जुडी, दोन लिंबं. पाणी घेऊ का असं आईला विचारायची. दाराजवळ बसायची आणि कोणी बस म्हटल्याशिवाय आत सरकायची नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी स्वतःची वाकळ घडी करून पेटीवर ठेवायची, म्हणजे रात्री ती तिथं झोपली होती हे कोणाला दिसू नये. आई एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली, वच्छाबाई, काऊन असं परक्यासारखं करता? आत्या म्हणाली, चार दिवसांची पाव्हणी हाये, वहिनी, मुक्काम वाढला एवढंच. ती टोमणा मारत नव्हती. तिनं सरकारी माणसापुढं दिलेला शब्द पाळायला घेतला होता. भावांचं घर वाचवायला ती खोटं बोलली, आणि ते खोटं पुढं तिनं जगून खरं केलं.

मी त्या खिडकीत बसून शिकले. चांगले गुण मिळाले, मास्तरीण झाले, फळ्यावरच्या अक्षरासाठी माझं नाव झालं. आत्या वर्षभरात गेली, म्हणजे घरातून गेली. तळेगावला तिच्या सासरकडच्या लांबच्या नात्यातली एक बाई भाजीचं शेत करायची, तिला राखणीला कोणी हवं होतं. मळ्यातल्या खोपीत आत्या सात-आठ वर्षं राहिली. सुरुवातीला आम्ही जायचो, मग माझं लग्न झालं, मग जाणं राहिलं. ती वारल्याची खबर तिसऱ्या दिवशी तळेगावहून भाजी घेऊन आलेल्या गाडीवाल्यानं बाजारात दिली. बाबा एका बसनं गेले, काका दुसऱ्या. बाबा येताना तिची पेटी घेऊन आले. ती त्यांनी खिडकीखाली ठेवली. जागा होती तिथं, पेटी बरोबर बसली, आणि बाजूला अभ्यासाला बसायलाही जागा उरली होती. मी माहेरी आले तेव्हा ते बघितलं आणि मला कांदा चिरायला घ्यावा लागला.

आता मी बोरगाव मेघेतच राहते, पण मोठ्या घरात. तीन खोल्या आणि मी एकटी. मुलगा पुण्याला, हे गेले त्याला सहा वर्षं झाली. दारामागं एका ओळीत आठ खुंट्या आहेत आणि त्यावर माझा एक टॉवेल. कधी कधी दुपारी मी या खोलीतून त्या खोलीत उगीचच जाते. सोप्या भाषेत सांगायचं तर मला हवी होती तेवढी जागा मिळाली. तिचं काय करायचं ते मला कळत नाही.

बाबा जाताना मी त्यांच्या उशाशी होते. तेव्हा सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. रामाला विचार, वच्छीनं त्याचं काय वाकडं केलं होतं, हे त्यांनी शेवटच्या आठवड्यात दोनदा म्हटलं, आणि मी त्यांच्या पायावर पांघरूण सारखं करत राहिले.

काका अजून आहेत. ऐंशी ओलांडली, ऐकू कमी येतं, बाकी लख्ख. गेल्या उन्हाळ्यात मी हिय्या करून त्यांच्याकडं गेले. खूप वर्षांनी गेले होते. ते पुढच्या खोलीत खाटेवर बसले होते, मी दाराजवळच्या खुर्चीवर बसले. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मी त्यांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. दोन्ही कागद, बाबा काय म्हणाले होते, ते काय म्हणाले होते, आणि मी कुठंच काही लिहिलं नाही ते. खिडकीचंसुद्धा सांगितलं. काका माझ्याकडं बघत ऐकत होते. मला वाटलं, आता ते मला शिव्या देतील. द्याव्यात असं मला वाटत होतं. त्यासाठीच मी गेले होते.

काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बापाले वाचवून राह्यली तू," ते म्हणाले. "लेक असावी तं अशी. पन मले माहीत हाय, बेबी. दादानंच नाई लिहू देलं. मी त्याले कधीचं माफ केलं."

मी नाही नाही म्हणत राहिले. पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. त्यांनी समजुतीनं मान हलवली, जशी रडणाऱ्या लेकराचं ऐकताना हलवतात. बाबांचं आणि काकांचं, दोघांचंही सांगणं ऐकलेलं माझ्याशिवाय कोणीच नव्हतं, आणि माझ्या शब्दाला किंमत नव्हती. मग त्यांनी आतल्या दाराकडं तोंड करून सुनेला हाक मारली.

"सूनबाई, च्या मांडजो. पाव्हणी आली हाये."